मी नापास तर प्रश्न पास

मला इंग्रजी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने फसवलं. चौथीपर्यंत शिकलो. मग वडिलांबरोबर होडीवर गेलो, पण मला दर्या लागायचा. आठ दिवस ओकाऱ्या काढल्यावर वडिलांनी किनाऱ्यावर आणून सोडलं आणि मी शाळेत शिपाई म्हणून चिकटलो. पुढे शाळेला ज्युनियर कॉलेज जोडलं गेलं. आणि ह्या माणसाच्या हाताखालून अकरा वर्षं बारावीच्या इंग्रजीचा पेपर गेला. बोर्डाचा नव्हे, आमच्या घरचा. चाचणी, सहामाही, सराव परीक्षा. मी नापास झालो तर प्रश्न पास व्हायचा. मी पास झालो की त्या प्रश्नावर लाल काट.

कॉलेजचा अंक काढणारी मुलं म्हणाली, आबा, नोकरीबद्दल लिहा. घंटा किती वर्षं मारली, किती हेडसर बघितले, ते मी लिहिणार नाही. ते सगळ्याच शिपायांचं सारखं असतं. हे एकच लिहितो. कारण ह्या कामापायी माझी बायको इंदू मला आणखी दीड वर्ष मिळाली. गेल्या श्रावणात ती गेली. पण ते दीड वर्ष कसं मिळालं, ते ओळीने सांगतो.

बाहेरच्या माणसाला आधी उतारा म्हणजे काय ते सांगायला हवं. इंग्रजीच्या पेपरात पानभर मजकूर छापलेला असतो, पुस्तकात नसलेला. मुलाने तो तिथेच पहिल्यांदा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. पाठांतर चालू नये, वाचलेलं समजतं का ते कळावं, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण हेतू आणि पेपर ह्यांची गाठ दर वेळी पडते असं नाही.

आमच्याकडे इंग्रजीला पाटील मॅडम आल्या, सांगलीकडच्या. मालवणी कळायची नाही, मासे चालायचे नाहीत. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "शिपाईमामा, खडू!" मी म्हटलं, "माका आबा म्हणतत. खडू कपाटात आसत." पुढे आमचं जमलं.

एकदा त्या सहामाहीचे पेपर तपासत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेलो तर एका पेपरावर डोळे लावून बसलेल्या.

"आबा, ह्याला उताऱ्यात दहापैकी नऊ आहेत. आत्ता वर्गात विचारलं, उतारा कशाबद्दल होता रे? तर माझ्याकडे बघत उभा. परवाच सोडवलाय!"

मी म्हटलं, "मॅडम, तो काय सांगणार? ते समजायचं नसतं. जुळवायचं असतं."

"काय जुळवायचं?"

"अक्षरं."

परीक्षेच्या खोल्यांतून पाणी देत फिरताना मी वर्षानुवर्षं बघत होतो. मुलाचं एक बोट प्रश्नावर, दुसरं उताऱ्यावर. मलाही एबीसीडीची अक्षरं ओळखता येत होती, कारण नोटीसबोर्डावर टाइमटेबल मीच बघून उतरवायचो. मॅडमनी कोरा पेपर पुढे सरकवला. "बसा. करून दाखवा."

मी बसलो. प्रश्नातला लांबडा शब्द धरायचा. ल्हान शब्द जागोजागी असतात, त्यांचा उपयोग नाही. तो लांबडा शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की मागच्या टिंबापासून पुढच्या टिंबापर्यंत सगळी ओळ उतरवून काढायची. अर्धा तास लागला. चहा गार झाला, तो मॅडमचा.

त्यांनी तपासलं. दहापैकी सात.

"आबा, उतारा कशाबद्दल आहे?"

"बँकेबद्दल असेल. नाहीतर कोंबड्या."

"मधमाश्या," त्या म्हणाल्या आणि पेन बाजूला ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, आपण काहीतरी गुन्हा केला.

घरी जाऊन इंदूला सांगितलं. ती सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त, आणि ते ती विसरू द्यायची नाही. विळीवर बसून मासे साफ करीत होती, मान वर न करता म्हणाली, "सात गावले? मगे बसा बारावीक. पेढे वाटूक मी मोकळी आसंय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ठरवलं ते असं. पेपर काढला की शनिवारी शाळा सुटल्यावर आधी आबाने सोडवायचा. लायब्ररीबाहेरच्या बाकावर. ज्या प्रश्नाचं उत्तर आबाला जुळवून येईल तो प्रश्न बाद. हेडसरांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "पेपर फुटला तर?" मग स्वतःच हसले. "आबासारखा विश्वासू कोण मिळणार! वाचला तरी फुटायचा नाही."

पण एवढ्यावर संपत नव्हतं. मी नापास झालो की दुसरी फेरी. मॅडम तोच उतारा मला मराठीत सांगायच्या आणि तेच प्रश्न मराठीत विचारायच्या. आता मला उत्तर यायला पाहिजे. समजूनसुद्धा येत नसेल तर तोही प्रश्न बाद, कारण मग दोष प्रश्नाचा. एकदा उतारा होता बर्फाच्या गावातला. घरात भिंतीत शेकोटी, वर धुराडं, म्हातारा शेकोटी का पेटवत नाही असा प्रश्न. मी म्हटलं, "मॅडम, घरात कोण आग घालतं? शेणी पेटतील, कौलं काळी होतील." त्यांनी तो उतारा फाडला आणि त्या जागी स्वतः लिहिला, देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या दोन भावांचा, ज्यांचा टेम्पो घाटात बंद पडतो. त्या उताऱ्यात "पेट्या उघडून ठेवल्या" एवढंच लिहिलेलं, का ते नव्हतं लिहिलेलं. त्या 'का'चं उत्तर आमची मुलं लगेच सांगतात. पेट्या बंद राहिल्या तर आंबा तापतो, नासतो.

तेव्हा मॅडमनी मला प्रश्नांच्या जाती शिकवल्या. एकाचं उत्तर ओळीत पडलेलं असतं. एकाचं दोन ओळींच्या मध्ये असतं. आणि एकाचं उत्तर उताऱ्यात नसतंच, वाचणाऱ्यात असतं. आणि एक प्रश्न सगळ्यांत फुकटचा. "समजलं का?" हा. "आबा, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारत नाही. सगळे हो म्हणतात. तुमच्या शब्दांत सांगा, असं म्हणायचं. मग कळतं." मी मान हलवली. समजल्यासारखी.

पहिल्याच चाचणीत अर्धा वर्ग उताऱ्यात आपटला. गावात बातमी जायला वेळ लागत नाही, त्यातून शिपाई पेपर तपासून देतो हे कळल्यावर तर काय. धामापूरची सरिता म्हणून एक मुलगी होती, सायन्सला. अक्षर मोत्यासारखं. उताऱ्यात नेहमी दहापैकी दहा. ह्या वेळी दोन. तिला बारावीनंतर औषधांचा कोर्स करायचा होता, आणि इंग्रजी राहिलं तर बारावीच राहिली, कोर्स कसला? बाप भातशेतीवाला, चार बुकं शिकलेली घरातली ही पहिली. तो सकाळीच येऊन हेडसरांच्या दारात उभा राहिला.

"शिपाय पेपर काढता आणि आमची चेडवां नापास होतत! ह्या कॉलेज आसा की दशावताराचो मांड? राजा खंयचो आणि शंकासुर खंयचो, कायच कळना नाय!"

मी पाण्याचा ग्लास घेऊन बाजूलाच होतो. शंकासुर मीच.

हेडसर मॅडमना म्हणाले, "मोठ्या परीक्षेत काय यायचं ते येईल. आपल्या परीक्षेत मुलांना मार्क दिसू देत ना. जुने प्रश्न घाला परत."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, हिला औषधं द्यायला शिकायचंय. उद्या चिठ्ठीवरचं काय जुळवून देणार?"

हे मी दारात उभं राहून ऐकलं. तेव्हा मला वाटलं, हे सरितासाठी आहे.

हेडसरांनी सराव परीक्षेपर्यंत मुदत दिली. तोवर मुलं सुधारली नाहीत तर जुने प्रश्न. मधल्या सुट्टीत सरिता माझ्या बाकासमोर येऊन उभी. डोळे लाल.

"आबानू, तुमी माझे मार्क खाल्लास."

"मिया? गो बाय, माका स्वतःक सात गावले होते. तुका धा. आपण दोघांय एकाच होडयेतली. बस हयसर."

बसली, पण तोंड फिरवून. मी तिच्या हातातला उतारा तिच्यासमोर धरला. "वाच आणि माका मालवणीत सांग. माका इंग्लिश येना नाय."

"येक माणूस... तेणा छत्री घेतल्यान. दार लावल्यान."

"मगे?"

"मगे कायेक नाय. तो गेलो."

"खंय गेलो? ता लिवलाहा?"

"नाय."

"मगे तुका कसा कळला?"

"अहो, दार लावल्यान ना भायरसून!"

"बरा. पाऊस होतो?"

"असतलो. छत्री घेतल्यान म्हणान."

"पाऊस असा लिवलाहा?"

तिने कागदावर बोट फिरवलं. वर, खाली, परत वर. "लिवूक नाय," ती हळू म्हणाली. "पण कळता."

तिचं ते तोंड मला अजून दिसतं. नऊ-दहा वर्षं इंग्रजी शिकलेली पोर, आणि इंग्रजीतून काहीतरी तिला पहिल्यांदा कळत होतं.

मग रोज मधल्या सुट्टीत ती यायची. सोबत आणखी दोघी-तिघी. मी काही शिकवत नव्हतो, मला काय येतंय? मी फक्त का, का विचारायचो. कित्याक? मगे? तेका राग कित्याक इलो? मला खरंच ठाऊक नसायचं, म्हणून माझे प्रश्न खरे होते. मास्तरला उत्तर माहीत असतं, हे मुलांना माहीत असतं, म्हणून मुलं मास्तरला थापा मारतात. मला थाप मारून काय मिळणार? मी म्हणायचो, "नाय पटला," की परत वाचायला लागायच्या. इंदू त्यांच्यासाठी डब्यातून खटखटे लाडू पाठवायची आणि वर निरोप, "बारावी नापास मास्तराक सांगा, डबो इसरा नको."

सराव परीक्षेत सरिताला दहापैकी सात मिळाले. माझ्याएवढेच. पण तिचे समजून होते. नवे प्रश्न राहिले. बोर्डात ती पास झाली, बाप पेढे घेऊन आला. मला पेढा देताना म्हणाला, "आबा, त्या दिवशी मी जरा जास्त बोललंय." मी म्हटलं, "बोललास ता बरा केलास. पण शंकासुराक मान असता दशावतारात, इसरा नको." दोघंही हसलो.

सगळं असंच गोड झालं असं नाही. त्याच वर्षी एक मुलगा, नाव लिहीत नाही, चाचणीत एक गुण मिळाला म्हणून कॉलेजात यायचाच बंद झाला. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, तो माडाच्या आड लपला. आता ट्रॉलरवर आहे, बंदरावर दिसला की हात करतो. जुने प्रश्न असते तर तो जुळवून जुळवून बारावी झाला असता. मग पुढे काय, ते मला सांगता येत नाही. पण तो हात करतो तेव्हा मला बरं वाटत नाही.

मॅडमची सांगलीकडे सोय झाली, मी रिटायर झालो. बाकावरच्या शनिवारांचं पुढे कोणी काही केलं नाही. असो.

आता इंदूचं. तिला दम लागायला लागला, पायांना सूज. मोठ्या इस्पितळात आठ दिवस काढले. काळीज थकलंय, अंगात पाणी साठतं, असं सांगितलं. घरी सोडताना पाच गोळ्या आणि इंग्रजीत एक कागद. तिथल्या सिस्टर भल्या होत्या, सगळं मराठीत सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "आजोबा, समजलं का?"

मी म्हटलं, "हो."

घरी पडवीत बसलो. कागद पुढ्यात, गोळ्यांची पाकिटं बाजूला. कागदावरचं नाव, पाकिटावरचं नाव, अक्षर न् अक्षर जुळवलं. पाचही जुळली. पाच वाट्या मांडल्या. इंदू खाटेवरून बघत होती. "बारावी पास घोव माझो," म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तीन आठवड्यांत ती बसल्या जागेवरून उठेना. तोंड सुकलेलं, उभी राहिली की चक्कर. मी समजलो, दुखणं वाढलं. गोळ्या संपत आल्या म्हणून जवळच्या कट्टा गावात गेलो, तिथल्या मेडिकलात. काउंटरवर सरिता. कोर्स करून आली होती, लग्न होऊन कट्ट्यातच राहिली होती.

"आबानू! काकी कशी आसा?"

"चक्कर येता गो. ह्यो गोळयो दी."

तिने पाकिटं बघितली. एक हातात धरून ठेवली. "ही कशी देतास?"

"रोज सकाळी येक."

"कागद दाखवा." तिने वाचला. मग कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. "ह्या गोळयेबद्दल काय लिवलाहा, तुमच्या शब्दांत सांगा."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "नाव जुळता. मी अक्षरान अक्षर बघितलंय."

 तिने नावाच्या पुढे बोट ठेवलं. "आणि ह्या?"

"ते ल्हान शब्द. ते खंयपण असतत."

"आबानू," ती म्हणाली, आणि आवाज असा, जसा मी बाकावर तिच्याशी बोलायचो, "सगळा त्या ल्हान शब्दांतच आसा. पाय सुजले तरच द्यावची. एरवी नाय. ही अंगातला पाणी काढता. तुमी तीन आठवडे रोज देतास."

 तिने आतून स्टूल आणून दिलं, तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी बंद, आत्ताच घेऊन या. रिक्षा तिनेच बोलावली. इंदूला दोन दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि पहिलं काय म्हणाली? "ह्यांका बारावीत कोणी पास केल्यान?"

नंतर गोळ्या आणायला गेलो तेव्हा सरिताने पाचही गोळ्यांचं माझ्याकडून वदवून घेतलं. कधी, कशासाठी, कधी द्यायची नाही, चुकली तर काय. पाच वेळा नापास केल्यान. मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं, "शाळा भरवलास काय हयसर?" ती म्हणाली, "होय. बसा तुमीय." सहाव्या वेळी मी पास झालो.

अकरा वर्षं मी त्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या प्रश्नांतली भोकं दाखवली आणि माझ्याच घरात त्याच भोकातून पडलो. ह्याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण सरिता काउंटरवर होती आणि तिने मला "समजलं का" असं विचारलं नाही, ह्याचं त्याहून जास्त बरं वाटतं. त्यानंतर इंदू दीड वर्ष जगली. भगवतीच्या जत्रेला जाऊन आली, गावभर माझी गोळ्यांची गजाल सांगून आली, दोन हंगाम आंबे खाल्ले.

शेवटी शेवटी ती खाटेवरच असायची. मी खोलीत गेलो की एकच विचारायची, "तुमी जेवलास?" मी म्हणायचो, "जेवलंय." दिवसातून दोनदा, तीनदा. "जेवलास?" "जेवलंय." चूल मला येत नव्हती, शेजारून आलं तर खायचो, नाहीतर चहा. तिला कशाला सांगा.

एकदा दुपारी तिने तेच विचारलं, मी तेच सांगितलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"काय जेवलास? तुमच्या शब्दांत सांगा."

मी पाण्याचा तांब्या उचलून तिच्यापुढे धरला.

"नापास," ती म्हणाली, आणि हसली. मग तिथेच पडल्या पडल्या मला बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, कसं करायचं ते सांगितलं. खोबरं किती, मिरच्या किती, तिरफळं शेवटी ठेचून घालायची आणि वाटायची नाहीत, का वाटायची नाहीत. दर पायरीला थांबवून उलट विचारायची. त्या दिवशी मी ते केलं. खारट झालं. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "पन्नास टक्के."

आता मी रोज रांधतो आणि बसून जेवतो. आज भात, तिखलं आणि सोलकढी होती. तिरफळं चार, ठेचून, शेवटी. वाटली असती तर कडू झालं असतं.